आधी मीटर, मग मशीन

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातली पोरं हल्ली माझ्याकडे येतात ती एकच प्रश्न घेऊन. "काका, घरच्या घरी ग्रिल, गेट, शेडचं काम सुरू करायचंय. पहिली वेल्डिंग मशीन कंची घेऊ?" मोबाइलवर त्यांनी ढीगभर मशिनी पाहिलेल्या असतात, किमती पाठ असतात. मी कोणत्याही कंपनीचं नाव घेत नाही. ओट्यावर बसवतो आणि विचारतो : घरात मीटर कसला आहे? जोडणार काय? आणि काम करणार कुठे, घरात, अंगणात की जेट्टीवर? पोरांना वाटतं काका टाळतोय. मी टाळत नसतो. या खाडीकाठी लोखंड जोडणाऱ्या प्रत्येक पिढीची पहिली मशीन याच तीन गोष्टींनी ठरवली. दुकानदाराने ती ठरवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कसं ठरत गेलं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचा आजा डोलीचं जाळं मारायचा. त्याची होडी लाकडाची, पण लाकडी होडीलाही लोखंडावाचून गत्यंतर नसतं. फळ्यांना खिळे, सुकाणाला कड्या आणि बिजागऱ्या, नांगर, साखळी. घरात विळीची पाती, कोयता, पारय. हे सगळं लोहाराकडून यायचं, नाहीतर पावसाळा संपल्यावर फिरत येणाऱ्या घिसाड्यांकडून. गावाबाहेर त्यांचं पाल पडे. जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवायचा, भात्याने फुंकायचा आणि ऐरणीवर काम सुरू. घिसाडी सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि त्याची बायको उभी राहून घण मारते आहे, हे दृश्य आजा पुन्हा पुन्हा सांगायचा. तिच्या ताकदीचं त्याला फार अप्रूप होतं.

त्या भट्टीवरही लोखंड जोडलं जायचंच. तुटलेल्या नांगराची दोन टोकं पांढरी होईपर्यंत तापवायची, वर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकायची, म्हणजे पृष्ठभागावरचा गंज आणि पापुद्रा वितळून वाहून जातो, आणि क्षणाचाही वेळ न दवडता एकावर एक ठेवून ठोकायची. जोड बसला तर बसला. लोखंड जरा थंड पडलं की वरून एकजीव दिसणारा तुकडा आत दुभंगलेलाच राहायचा आणि वाऱ्यात होडीने ताण घेतला की तिथेच सुटायचा. मोठ्या कामाला, म्हणजे बॉयलर, पूल, आगबोटी यांना, रिव्हेट मारत. पत्र्याला भोकं पाडायची, लाल रिव्हेट घालायचा, दोन्ही बाजूंनी ठोकायचा.

विजेच्या ठिणगीने धातू वितळतो, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत झालं होतं. रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्डोसने १८८० च्या दशकात कोळशाची कांडी वापरून जोडकाम केलं, त्याच दशकाच्या शेवटी स्लाव्यानोव्हने कोळशाऐवजी धातूचीच कांडी वितळवली. पण उघड्या तारेने केलेला जोड हवेतला प्राणवायू आणि नायट्रोजन ओढून घेतो, ठिसूळ होतो, त्यात भोकं पडतात. ही अडचण सोडवली ती एका दर्यावर्दी इंजिनिअरने, आणि कोळी म्हणून मला त्याचा विशेष आनंद वाटतो. स्वीडनचा ऑस्कर केलबर्ग जहाजांवर काम केलेला माणूस. गळक्या बॉयलरची रिव्हेटवाली डागडुजी त्याने डोळ्यांनी पाहिलेली. लोखंडी तार त्याने खनिजांच्या घट्ट लगद्यात बुडवून वाळवली. ठिणगी पेटली की तो लेप जळून वायूचं कवच तयार होतं आणि वितळलेल्या धातूवर स्लॅगची साय धरते. १९०४ मध्ये त्याने गोथेनबर्गला कंपनी काढली, १९०७ मध्ये लेपाच्या रॉडचं पेटंट घेतलं. आज दिवाळ्यात जो रॉड आम्ही होल्डरला लावतो, त्याचा मूळ जन्म गोदीतला आहे.

१९२० मध्ये इंग्लंडात बर्कनहेडच्या गोदीतून 'फुलागार' नावाचं, रिव्हेट न मारता पूर्ण वेल्डिंगने बांधलेलं समुद्रात जाणारं जहाज पाण्यात उतरलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लिबर्टी जहाजं वेल्डिंगवरच भराभर बांधली. त्या घाईचा धडाही मिळाला. जानेवारी १९४३ मध्ये 'शेनेक्टडी' नावाचं नवंकोरं टँकर जहाज पोर्टलँडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना मधोमध चिरलं. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं, जोडाच्या कोपऱ्यांत ताण साचलेला, आणि रिव्हेटवाल्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेला थांबते, तशी थांबायला इथे कडच नव्हती. सगळं एकसंध. नवशिक्याला मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. वेल्डिंग दोन तुकडे चिकटवत नाही, ती त्यांचा एक तुकडा करते. मग दोष एकाचा राहत नाही.

मुंबईत ही विद्या गोदीतून आणि तेलाच्या टाक्यांतून आली. माझगाव डॉकला जहाजांची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. १९६० मध्ये ती गोदी सरकारने ताब्यात घेतली आणि तिथेच बांधलेली 'निलगिरी' ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९५४-५५ च्या सुमारास तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले. त्यांच्या टाक्या, त्यांचे मैलोन्‌मैल पाइप, सगळं वेल्डिंगचं. रॉड आधी परदेशातून येत. १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली, मूळ सिंधमधल्या अडवाणींच्या पेढीने स्विस कंपनीशी हात मिळवून काढलेली. तिचं नाव २००३ मध्ये बदलून अॅडोर झालं, पण जुने वेल्डर अजून दुकानात जाऊन 'अडवाणीचा रॉड' मागतात.

आमच्या बाजूला मात्र तेव्हा मिठागरं, भातखाचरं आणि खाडी. इथला माणूस मासळी नाहीतर भात विकून पैसे पाहायचा. वेल्डिंगची ठिणगी या काठाला आली ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांबरोबर. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकातच खाडीच्या पूर्वेला मोठमोठे रासायनिक कारखाने उभे राहू लागले. नोसिलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प १९६८ च्या सुमारास चालू झाला. मग १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे सगळं लिहून झालेलं आहे, बोलून झालेलं आहे. त्याच काळात शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या हातात होल्डर कसा आला, हे मात्र कुणी फारसं लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून मी त्याच्याजवळ थोडा थांबतो.

कारखाना कायमची नोकरी थोड्यांनाच देतो. बाकीचे कंत्राटदाराकडे. वर्षातून एकदा प्लांट बंद ठेवून दुरुस्ती काढतात, त्याला आम्ही 'शटडाऊन' म्हणतो. त्या दिवसांत माणसं खूप लागतात आणि रात्रंदिवस लागतात. माझा मोठा काका असाच शटडाऊनला हेल्पर म्हणून लागला. हेल्परचं काम केबल ओढायची, रॉड आणून द्यायचे, स्लॅग ठोकून काढायचा, बादलीत पाणी घेऊन आगीवर लक्ष ठेवायचं. हेल्परचा ग्राइंडरवाला होतो, मग गॅस कटर, मग नुसते टाके मारणारा, मग वेल्डर. वेल्डरांतही वर पाइपवाला. पंचेचाळीस अंशांत घट्ट बसवलेला पाइप न फिरवता चहूबाजूंनी जोडायचा, त्या परीक्षेला 'सिक्स जी' म्हणतात. ती पास झालेल्या माणसाला ठेकेदार घरी बोलवायला येई. काका शाळेत फार शिकला नव्हता. पण वितळलेल्या धातूच्या डबक्याकडे बघून तो सांगायचा, करंट किती जास्त आहे. नजर त्याने डोलीच्या तोंडाशी पाण्याची ओढ बघत कमावलेली होती, असं मला नेहमी वाटतं. मी स्वतः पुढे आयटीआयला वेल्डर ट्रेडचा एक वर्षाचा कोर्स केला. तिथे मला नावं आणि आकडे मिळाले. हात काकामुळे मिळाला.

काकाने घरी घेतलेली मशीन आमच्या आळीतली पहिली. जुनी, तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर असलेली, चार चाकांची. दारूखान्याच्या भंगारबाजारातून टेम्पोत आली आणि चौघांनी उतरवली. दारूखाना म्हणजे रे रोडजवळची, जहाजं तोडण्याची जागा. मोडलेल्या जहाजाचा पत्रा, साखळी, इंजिन, मशीन, सगळं तिथे रस्त्याच्या कडेला मांडलेलं असे. नवी मशीन हवी तर नागदेवी स्ट्रीट, वायरी-स्विचसाठी लोहार चाळ, आणि जे परवडत नाही ते दारूखान्यात.

काका त्या दुकानात कसा उभा राहिला, ते मला लख्ख आठवतं. मशीन बघण्याआधी त्याने दुकानदाराला विचारलं ते वायंडिंगबद्दल. आतली गुंडाळी तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची? अॅल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून तितक्याच करंटला ते अधिक तापतं आणि बोल्टखाली दबून जोड सैल होतो. काकाने झाकण काढून एका टोकाचं वार्निश नखाएवढं खरवडून आतला रंग पाहिला. मग म्हणाला, उचला. अॅल्युमिनियम तांब्याच्या मानाने जेमतेम तिसरा हिस्सा भरतं, त्यामुळे वजनही बोलतं. त्यानंतर तेल पाहिलं. काळं पडून जळका वास मारत असेल तर मशीन आतून भाजलेली आहे. मग हँडल फिरवून गाभा खालपर्यंत सरकतो का, ते पाहिलं, कारण त्या गाभ्याच्या सरकण्यावरच करंट कमी-जास्त होतो.

एवढं बघितलं तरी पैसे दिले नाहीत. घरी येऊन त्याने मला हाक मारली, "पोरा, पयले घरानचा मीटर बग, मंग मशीन." घरात एकच फेज होती. तिथेच आमच्या पहिल्या मशीनचं गणित अडलं, आणि आजच्या पोरांचंही तिथेच अडतं. म्हणून ते गणित इथे मांडतो.

ट्रान्सफॉर्मर मशीन रॉड पेटवण्याआधी टोकाला साधारण ७५ व्होल्ट देते. ठिणगी पेटली की व्होल्ट उतरून विशी-पंचविशीत येतात, पण मशीन विजेकडून जो भार मागते तो त्या ७५ च्या हिशोबाने. समजा अडीच मिलिमीटरचा, म्हणजे दुकानातला बारा नंबर रॉड ८० अँपिअरवर चालवायचा. ७५ गुणिले ८०, म्हणजे ६००० व्होल्ट-अँपिअर. २३० व्होल्टच्या एका फेजवर हे झाले २६ अँपिअर. घरातला मोठा प्लगपॉइंट १६ अँपिअरचा. दहा नंबर रॉड, म्हणजे सव्वातीनच्या आसपासचा, ११० अँपिअरला चालवला की तोच आकडा पस्तिशीच्या पुढे जातो. म्हणून काकाने होल्डर टेकवला की आळीतले दिवे मंद होत आणि शेजारची काकू ओट्यावर येऊन उभी राही. तीच मशीन दोन फेजांमध्ये, ४१५ व्होल्टवर जोडली की करंट जवळजवळ निम्मा होतो. काकाने रीतसर अर्ज करून तीन फेजचा मीटर घेतला, मशीनला स्वतंत्र मेन स्विच लावला, अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंगची पट्टी पुरली, आणि मग दारूखान्याला पैसे पोचते केले. मीटर आणि वायरिंगला मशीनइतकाच खर्च आला. पण ती मशीन पुढे आमच्या दोन पिढ्यांनी वापरली.

पहिली कामं होडीचीच होती. नांगर. सोळा मिलिमीटर सळईची चार नखं वाकवायची, दांड्याला जोडायची, वर कडी. भट्टीवर ज्याला आख्खा दिवस लागे, ते तासाभरात व्हायला लागलं. सुकाणाच्या पट्ट्या, इंजिनाखालचे पाये, जाळं ओढायच्या चाकाचा सांगाडा. मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, होड्या वर काढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना दुरुस्ती हवी असते. म्हणजे आमच्या कामाचा हंगाम नेमका मुसळधार पावसाचा. ओल्या अंगाला ७५ व्होल्टचा उलटसुलट करंट जीव घेऊ शकतो. कोरड्या फळीवर उभं राहायचं, हातमोजा भिजला की बदलायचा, रॉड कधीच काखेत धरायचा नाही. काका या बाबतीत कुणाचं ऐकत नसे. गिऱ्हाइक कितीही घाईत असलं तरी छपराखाली होडी आल्याशिवाय मशीन चालू होत नसे.

मग गाव बदललं. १९९३ मध्ये लोकल बेलापूरला आली, सीबीडीत कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना, त्याहून जास्त त्या कचेऱ्या बांधणाऱ्यांना, भाड्याची खोली हवी होती. गावठाणात घरावर घर चढलं. सरकारी कागदात त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. या शब्दांत आमचा सगळा इतिहास आहे : जमीन गेली, कुटुंब वाढलं, भाडं हेच उत्पन्न उरलं. जागा चिंचोळी, आत जिन्याला वाव नाही, म्हणून जिना बाहेरून, लोखंडाचा. कुठे सरळ, कुठे एका पाइपाभोवती फिरणारा गोल जिना. वर पाण्याच्या टाकीचा स्टँड, गच्चीवर पत्र्याची शेड, खिडक्यांना ग्रिल, दुकानाला शटर. सिडकोने कळंबोलीला लोखंडाचा बाजार वसवला होता, तिथून टेम्पोभर अँगल, पट्टी, चौकोनी पाइप अर्ध्या तासात दारात. आमच्या धंद्याला बरकत आली ती या दिवसांत. मासळी आटत होती आणि ग्रिल वाढत होत्या. ज्या घरात कधी हातोडी नव्हती, तिथल्या पोराने वेल्डिंगवर बहिणीचं लग्न केलं, हे मी पाहिलेलं आहे. खंडेनवमीला जाळ्यासोबत होल्डरलाही झेंडूची माळ पडू लागली, ती याच वर्षांत.

काम बदललं तशी मशीनची निवड बदलली. नांगराला आणि इंजिनाच्या पायाला जाड लोखंड, मोठा करंट. ग्रिलला वीस बाय पाचची पट्टी, दहा मिलिमीटरचा चौरस गज. पुढे चौकोनी पाइप आला, सोळा गेजचा, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा. त्यावर काकाची जुनी मशीन हात ठेवू देत नसे. खालच्या करंटला ठिणगी विझायची, वरच्याला पाइपाला भोक. त्याच सुमारास दुकानांत इन्व्हर्टर मशिनी आल्या आणि मी माझी पहिली मशीन घेतली.

इन्व्हर्टरच्या पोटात जो भाग काम करतो, त्याला आयजीबीटी म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो विकसित करणारे बी. जयंत बलिगा मद्रासला जन्मलेले, तिथल्याच आयआयटीत शिकलेले. हा छोटा स्विच सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. इतक्या वेगाने वीज उलटसुलट झाली की ट्रान्सफॉर्मरचा गाभा मुठीएवढा पुरतो. चार माणसांनी उतरवायची मशीन खांद्याला पट्टा लावून चौथ्या मजल्यावर नेता येऊ लागली. आणि विजेचा हिशोब? तोच बारा नंबरचा रॉड, तेच ८० अँपिअर, पण भिंतीतून ओढ चौदा-पंधरा अँपिअरची. घरगुती १६ अँपिअरच्या पॉइंटवर, चांगल्या वायरिंगवर, काम निघतं. काकाला मी पहिल्यांदा ती चालवून दाखवली, तेव्हा त्याने ठिणगीकडे पाहिलंच नाही. मान वळवून घरातल्या दिव्याकडे पाहत राहिला. दिवा हलला नाही.

म्हणून घरच्या कामाची सुरुवात करणाऱ्याला मी आज इन्व्हर्टरच सांगतो, पण डोळे उघडे ठेवून घ्यायला सांगतो. मशीनवर मोठ्या अक्षरात २०० किंवा २५० लिहिलेलं असतं. ते बाजूला ठेव, मागची पट्टी वाच. तिथे ड्यूटी सायकल असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं सलग चालेल, चार मिनिटं विसावा. काही स्वस्त मशिनींवर हा आकडाच नसतो. ज्यावर नाही ती घेऊ नये. ग्रिल-पाइपवाल्याला खरोखर १२० अँपिअर पुरतात, तेव्हा २०० ची प्रामाणिक मशीन ही भरपूर झाली. सोबत मिळणारी केबल आणि होल्डर बहुतेक वेळा हलके असतात, तिथे पैसे घालावेत. दुरुस्ती करणारा माणूस आपल्या टापूत आहे का, हे मशीन घेण्याआधी विचारावं. ट्रान्सफॉर्मर जळला तर कुठलाही वायंडर पुन्हा गुंडाळतो. सर्किट बोर्ड गेला तर तसं होत नाही.

आणि इथे आमच्या गावाचं म्हणून एक सांगणं आहे, जे ठाण्याच्या दुकानात कुणी सांगणार नाही. इन्व्हर्टरला पंखा असतो. तो बाहेरची हवा बोर्डावरून ओढतो. आमच्या हवेत मीठ आहे आणि कामाच्या जागी ग्राइंडरची लोखंडी धूळ. दोन्ही मिळून बोर्डावर बसली आणि वर पावसाची ओल आली की मशीन जाते. इन्व्हर्टर ग्राइंडरपासून लांब, जमिनीपासून वर ठेवायची, काम झालं की घरात न्यायची, सुक्या हवेच्या झोताने अधूनमधून साफ करायची. जेट्टीवर ज्याचं रोजचं काम आहे, होड्या आणि नांगर, त्याच्याकडे तीन फेजचा मीटर असेल तर मी आजही तांब्याच्या वायंडिंगची ट्रान्सफॉर्मर मशीन घ्यायला सांगतो. खारा वारा तिचं काही वाकडं करत नाही. मिग मशीन मात्र जेट्टीच्या कामाची नाही. तिच्या जोडाला वायूचं आवरण लागतं आणि खाडीचा वारा ते आवरण उडवून नेतो. बंद शेडमध्ये ती उत्तम.

रॉड ६०१३ चा घ्यावा. लवकर पेटतो, पातळ लोखंडावर संयमाने वितळतो, दोन्ही तऱ्हेच्या मशीनवर चालतो. पावसाळ्यात उघडा पुडा आठवड्यात ओल धरतो, मग रॉड तडतडतो आणि जोडात भोकं पडतात. आम्ही जुन्या पत्र्याच्या पेटीत दिवा लावून त्यात रॉड ठेवत आलो, आणि नुसत्या ६०१३ ला तेवढं पुरतं. ७०१८ ला खरी भट्टी लागते, अडीचशे-तीनशे अंशांची. ती नसेल तर तो रॉड घरी आणूच नये.

घरगुती मीटरवर आपल्या घरचं काम करणं वेगळं आणि धंदा करणं वेगळं. गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला लागलास की व्यवसायाचा मीटर घे. २००३ च्या वीज कायद्यात घरगुती जोडणीचा असा वापर अनधिकृत ठरू शकतो आणि आकारणी मागच्या काळापासून होऊ शकते. ही गोष्ट मी प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगतो.

काकाच्या पिढीने डोळे आणि छाती यांची फार किंमत मोजली. हातात धरायची काच एका हाताला, म्हणून टाका मारताना ती बाजूला व्हायची आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत आग पेटायची. आज डोक्यावरची, आपोआप काळी होणारी काच मिळते. मशीनमध्ये दोन हजार वाचवून या काचेत घालावेत. गॅल्व्हनाइज्ड पाइपाचा जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायल्याने तो उतरतो असं सगळ्या साइटवर सांगतात. दुधाने धूर अडत नाही. जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढायचं, वाऱ्याकडे पाठ ठेवायची, मुखवटा लावायचा. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करतो, असं निश्चित वर्गीकरण केलं. काका त्याच्या बऱ्याच आधी खोकत गेला. त्याचं कारण कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेलं नाही आणि मीही ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्या शेडमध्ये मुखवट्याशिवाय कुणी होल्डर उचलत नाही.

गेल्या गणपतीनंतर आळीतल्या एका पोराने मशीन आणली. घरचा मीटर पाहून, वायरिंग बदलून, २०० ची इन्व्हर्टर. आता काय बनवू, म्हणून विचारायला आला. त्याला वाटलं होतं मी टाकीचा स्टँड सांगेन, कारण त्याच्या आईला तो हवा आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते कुणाच्या तरी डोक्यावर. मी त्याला चपलांचा रॅक सांगितला. मग मासळीच्या टोपल्या ठेवायचा घोडा, मग खिडकीची ग्रिल, गुण्या लावून, कर्ण मोजून. प्रत्येक तुकड्यातला एक जोड कापून आत स्लॅग अडकलाय का ते मला दाखवायचं. टाकीचा स्टँड त्यानंतर. आणि जिना सगळ्यात शेवटी, त्याच्यावर माणूस पाय ठेवतो.